मे महिन्यातला दसरा

मी शपथेवर सांगतो. शपथेवर लोक काय काय सांगतात ते सरकारी वकील म्हणून मी तीस वर्षं ऐकत आलो, तेव्हा माझ्या शपथेला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कोर्टात एक वकील असा होता, की त्याच्या येरझाऱ्यांनी सेशन कोर्टाच्या फरशीत वाट पडली होती. डावीकडच्या खिडकीपासून साक्षीदाराच्या कठड्यापर्यंत. पावसाळ्यात छत गळायचं तेव्हा पाणी बरोबर त्या वाटेनं वाहायचं आणि शिपाई बादली कुठं ठेवायची ते तिच्यावरून ठरवायचा. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. मध्यंतरी फरशी बदलली म्हणतात. त्याला माझा काय इलाज.

सगळं गाव त्याला ‘पागलवाले वकीलसाहेब’ म्हणायचं. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो! लामत्याची नाहीतर बिरशाची बस आली की स्टँडवरचा ऑटोवालाच विचारायचा, "मर्डर है, कि पागलवाला मर्डर है?" पागलवाला असला की पत्ता न विचारता थेट त्याच्या फाटकात. मी इथं त्याला अरेतुरे करतोय, पण समोर तेवढी छाती नव्हती. समोर मी ‘साहेब’ म्हणायचो आणि तो मला ‘सरकार’. "या सरकार, आज कोणाले आत टाकून राह्यले?"

खुनाच्या खटल्यात मेलेल्याच्या बाजूनं मी, मारणाऱ्याच्या बाजूनं तो. मधे ते एक कलम. तेव्हा त्याचा नंबर चौऱ्याऐंशी होता, नव्या कायद्यात बावीस झाला. कलमाचा अर्थ एवढाच, की कृत्य करताना माणसाची बुद्धी इतकी फिरलेली असेल की आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हेच त्याला कळत नसेल, तर तो गुन्हा नाही. वाचायला कसं गोड आहे! पण दाखवून द्यायचं आरोपीनं, आणि काय दाखवायचं, तर त्या एका घटकेला डोक्यात काय चाललं होतं ते. अहो, काल बायकोशी भांडलो तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं ते मला आज सांगता येत नाही.

नंबर बदलला त्या दिवशी हा माणूस बाररूममध्ये असा फिरत होता, की जसं काही घरात कोणी गेलंय. "आयुष्यभर जिच्यासोबत संसार केला तिचं नावच बदलून टाकलं, सरकार. आता हाक कशी मारू?"

त्याची कामाची तऱ्हा अशी, की आरोपीला खुनाबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. जेलच्या भेटीच्या खोलीत पहिला प्रश्न, "आदल्या दिवशी घरी भाजी कोणती होती?" मग, जेवलास का, कोणी वाढलं, झोपलास का, चपला घालून गेलतास का अनवाणी? दुसऱ्या दिवशी काय केलंस? पळालास का? पळताना दार लावलंस का? आरोपी मध्येच रडून म्हणायचा, "साहेब, मी कसं मारलं ते सांगू का?" की हा कानांवर हात ठेवायचा. "ते पोलिसांनी लिहिलं हाये, माह्यापेक्षा चांगलं लिहिलं हाये. तू भाजीचं सांग." मला नेहमी बजावायचा की डॉक्टरचा पागल वेगळा आणि कायद्याचा पागल वेगळा. नुसत्या आजाराच्या कागदानं कोर्ट हलत नाही. माणूस आधी कसा वागला, त्या वेळी कसा वागला आणि नंतर कसा वागला, या तीन गोष्टी जुळल्या तरच कोर्टाला त्या बंद डोक्याला कुठं फट आहे का ते दिसतं.

ही चौकशी तो चालता चालता करायचा. खिशात फुटाणे. बोलताना फुटाणे तोंडात, उत्तर आलं की चावणं बंद, मग पुन्हा सुरू. त्याच्या एका अशिलाला म्हणे कोर्टापासून वैनगंगेच्या पुलापर्यंत चालवत नेलं आणि परत आणलं, तेव्हा कुठं वकीलपत्रावर सही झाली. सही करताना तो बिचारा म्हणाला, "साहेब, मला आता फाशी झाली तरी चालेल, पण बसू द्या."

आता तुम्ही म्हणाल, हा पळवाटा विकणारा माणूस. तसं मीही समजायचो. एकदा राजेगावकडचा एक धट्टाकट्टा गडी त्याच्याकडे आला. जमिनीच्या वादात चुलत्याचं डोकं फोडलेलं, जामिनावर सुटलेला. कोणीतरी शिकवून पाठवलेलं असणार, कारण अंगणात आल्या आल्या तो चार पायांवर उतरला आणि भाभींच्या, म्हणजे वकिलाच्या बायकोच्या, तुळशीजवळचं गवत खाऊ लागला. मी तिथंच चहा घेत बसलेलो. वकिलानं अर्धा घंटा त्याला खाऊ दिलं. सगळं अंगण साफ झालं. मग म्हणाला, "झालं? आता मागच्या बाजूनंबी वाढलं हाये, तेवढं खाऊन टाक अन् घरी जा."

गडी उठून उभा राहिला, तोंड पुसलं. "काय चुकलं, साहेब?"

"दर दोन घासांनी माह्याकडं पाहून राह्यला होता, गड्या. खरा आजारी माणूस आपला खेळ पाहाले कोणी बसलं की नाही ते मोजत नाही. त्याच्या मागं लागलेले त्याच्या डोक्यात असतात, खुर्चीवर नाही."

केस घेतली नाही. गड्यानं दुसरा वकील केला. ज्या सफाईनं तो गवत उपटत होता ती पाहून मी त्याला आमच्या शेतावर निंदणीला बोलवावं म्हणत होतो, पण सरकारी वकील पडलो.

तर खोट्यांना हा दारातून हाकलायचा आणि खऱ्यांचे खटले हरायचा. सलग. मी बाकी सगळ्यात चार पदरचं घालून सांगतो, पण त्याच्या हरण्यात घालायला जागाच नव्हती. कधी गावातलं कोणी साक्षीला यायचं नाही, कधी औषधाची चिठ्ठी चुलीत गेलेली, कधी घरचेच ‘आमच्या घरात कोणी पागल नाही’ म्हणून उलटायचे, कारण घरात लग्नाची पोरगी. शिक्षा झाली की हा आरोपीच्या आधी कोर्टाबाहेर निघायचा आणि गोलगोल चालायचा. मी तीन वेळा विचारलं, साहेब, कशापायी हा नाद? एकदा म्हणाला माझा बाप असा होता. एकदा म्हणाला बाप चांगला होता, मीच आहे. तिसऱ्यांदा म्हणाला, बाकीच्या केसेस तुम्ही लोकांनी शिल्लक ठेवल्यात का? यातलं खरं कोणतं, मला आजही ठाऊक नाही.

मग शालिक आला.

लामत्याच्या पुढे, जंगलाला लागून गाव. दोघे भाऊ, थोरला मंसाराम, धाकटा शालिक. धान आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचं पान. शालिक दोन वर्षांपासून बिनसलेला. झोपायचा नाही, विहिरीत कोणीतरी बसून आपलं नाव घेतं म्हणायचा. थोरल्यानं भगताकडे नेलं, दर्ग्यावर नेलं, एकदा गोंदियाच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या तीन महिने चालल्या आणि बरं वाटलं म्हणून बंद झाल्या. मे महिन्यातली सकाळ. मंसाराम अंगणात पानांच्या गड्ड्या बांधत बसलेला, त्याची बायको पारबता आत. शालिकनं कुऱ्हाड उचलली आणि मागून घातली. एकच घाव. ज्यानं त्याला गोळ्या आणून दिल्या त्यालाच.

पोलिसांनी लिहिलं, आरोपीनं खून करून हातपंपावर कुऱ्हाड धुतली आणि पुरावा नष्ट करायचा प्रयत्न केला. मी ते वाचलं आणि पेढा खाल्ल्यासारखं झालं. धुतली म्हणजे रक्त वाईट दिसतं हे कळलं. कळलं म्हणजे शुद्ध होती. खटला संपला.

पण तो सुरूच होईना. शालिक कोर्टात उभा केला तर नाव विचारल्यावर भावाचं नाव सांगायचा. स्वतःचा बचावच ज्याला कळत नाही त्याच्यावर खटला चालवता येत नाही, म्हणून जजमॅडमनी त्याला ग्वाल्हेरला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. दीड वर्षानं परत आला तो दाढी केलेला, अंग भरलेला, नमस्कार करणारा माणूस. झालं! मॅडमनी आरोप वाचून दाखवला आणि हा पिंजऱ्यात सरळ उभा राहून म्हणाला,

"मीच मारलं, साहेब. माह्या दादाले मीच मारलं. मले काय द्याची ते शिक्षा द्या. पन मी पागल नाही."

मी उठून एवढंच म्हणालो, "मॅडम, यापेक्षा मी काय जास्त सांगणार?" आणि बसलो. खरं सांगायचं तर बसताना मिशीला हात लावला.

आमच्या वकिलाची येरझार सुरू. खिडकी, कठडा, खिडकी. मॅडम हिंदीत, "वकील साहब, एक जगह खड़े रहिए." तो शालिकपाशी येऊन थांबला. "आज तू पागल नाहीस. ते ग्वाल्हेरवाल्यांनी केलं, त्यांचं काम झालं. माह्यं काम त्या दिवशीचं हाये. त्या दिवशी अंगणात कोण बसला होता?"

शालिक हळूच म्हणाला, "तेव्हा दादा नव्हता तो. दादाचं तोंड लावून दुसरंच कोणी बसलं होतं."

"अन् आता?"

"आता कळते, दादाच होता."

पण माझं म्हणणं साधं होतं, आणि चूक नव्हतं. असं कोणीही म्हणेल. जीव वाचवायला माणूस विहीर बोलते म्हणेल, भावाला भूत म्हणेल. शब्दानं काय होतं? वागणं दाखवा.

आणि वागणं शोधायला आमचा वकील शालिकच्या गावात गेला. तीन दिवस. पुढचं सगळं त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना माझी बाररूमची खुर्ची त्यानं दोनदा आडवी पाडली. उंबरठे झिजवून तो प्रत्येकाला एकच विचारत होता, की कुऱ्हाड धुतल्यावर शालिकनं काय केलं. शेवटी फडाजवळ, म्हणजे जिथं गावची तोडलेली पानं जमा करून वाळवतात तिथं, एक म्हातारा बोलला.

"काय करन? सोनं वाटलं."

"कसं सोनं?"

"दसऱ्याचं. पान हातात देल्लं अन् म्हणे, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. पाया पडला."

"मे महिन्यात?"

"हौ ना. आपट्याचं नव्हतं, तेंदूचंच पान होतं. माह्या घरी देल्लं, शेजारी देल्लं, सगळ्या आळीत देल्लं. अन् एकच इचारे, दादा कुठी गेला? पहिलं सोनं दादाले द्याचं हाये म्हणे."

वकील म्हणतो, माझ्या तोंडातला फुटाणा तिथंच राहिला. "आजोबा, मग पोलिसाले काहून नाही सांगतलं?"

"त्यानं इचारलं, खून कोणी केला. सोनं कोणी देल्लं हे कुठी इचारलं?"

"अन् तुम्ही घेतलं ते पान?"

"सोनं हाये, बा. नाही कसं म्हणाचं?"

"मग पान कुठी हाये?"

म्हातारा त्याच्याकडे असा बघत राहिला, की पागलवाला वकील स्वतःच पागल आहे की काय. "गड्डीत बांधलं. पन्नास पानाची गड्डी, एक कमीच होतं. लावून टाकलं."

सगळ्या आळीनं हेच केलेलं! हातात आलेलं सोनं ज्यानं त्यानं आपल्या गड्डीत घातलं, गड्ड्या फडावर गेल्या, फडावरून ठेकेदाराकडे, तिथून कुठं कुठं. माझ्या विरुद्धचा एकुलता एक पुरावा मध्य भारतात बिड्या होऊन ओढला गेला. त्या साली मी स्वतः त्यातली एखादी ओढली असेन, सांगता येत नाही.

"कोर्टात येऊन सांगता का?" असं विचारल्याबरोबर म्हाताऱ्याला बकऱ्यांची आठवण झाली. शेजाऱ्याला म्हशीची. पाच मिनिटांत त्या गावात वकील आणि एक कुत्रं एवढेच उरले.

म्हणजे पान नाही, साक्षीदार नाही. उरली पारबता. पण ती माझी साक्षीदार. तिचाच नवरा मेलेला. माझ्या साक्षीदाराला बाहेर गाठून विचारणं बरं नव्हे, आणि हा पागलवाला असला तरी लबाड नव्हता. विचारायचं ते भर कोर्टात, आणि ती काय म्हणेल ते ठाऊक नसताना. ती ‘नाही’ म्हणाली की शालिक जन्मभर जेलात.

आधी त्यानं हवालदाराला उलटतपासणीला घेतलं. "कुऱ्हाड देवापाशी सापडली, तेव्हा तिच्यावर काय होतं?" "लाल निशान, सर." "रक्त?" "लैब भेजा था, सर." लॅबचा कागद काढला. दांडा बसतो त्या खाचेत रक्त. पात्यावर हळद आणि कुंकू. मी म्हणालो, त्यात काय, पूजा केली असेल. तो गर्रकन फिरला. "हौ सरकार! पूजाच केली. पुरावा लपवणारा माणूस त्याले कुंकू लावून देवापाशी ठेवते का? अन् दसरा कधी येते?"

मग पारबता. डोक्यावर पदर, हात कठड्यावर, नजर त्या हातांवर. माझ्या प्रश्नांना तिनं सगळं बरोबर सांगितलं, घाव, रक्त, सगळं. तो उठला. त्या दिवशी त्यानं येरझार घातली नाही. तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला.

"बाई, त्यानं कुऱ्हाड धुतली, त्याच्यानंतर तुमच्याजवळ आला होता का?"

मी आक्षेप घ्यायला हवा होता. कशावर घेणार? नुसता उठलो आणि बसलो. तिनं कठड्यावरचे हात पदराखाली घेतले.

"हौ."

"काय केलं?"

"माह्या पाया पडला. हातात पान देल्लं अन् म्हणे, वहिनी, सोनं घ्या. दादा कुठी गेला? पहिलं त्याले द्याचं होतं." आणि मग कोणी विचारलं नसताना, "त्याचा दादा त्याच्या मागंच पडला होता, साहेब. तो त्याले ओलांडून आला होता. त्याले दिसलाच नाही."

मॅडमनी ते हिंदीत लिहून घेतलं. पुढं खटला दोन महिने चालला. गोंदियाच्या डॉक्टरची चिठ्ठी आली, ग्वाल्हेरचा अहवाल आला, मी तासभर भाषण केलं, पण खरा खटला तिथं संपला होता. आरोपीला काही माझ्यासारखं शंभर टक्के सिद्ध करायचं नसतं. असं असण्याची शक्यता जास्त, एवढं कोर्टाला पटलं तरी पुरे. पटलं. या कलमाखाली सोडताना कोर्टाला स्पष्ट लिहावं लागतं की कृत्य यानंच केलं. म्हणजे शालिकनं एकाच निकालात ऐकलं की भावाला तूच मारलंस आणि तू निर्दोष आहेस. तो वकिलाला म्हणाला, "मंग मी सुटलो का फसलो?"

"दोन्ही," वकील म्हणाला. पहिल्यांदाच जिंकला होता आणि तोंड हरल्यासारखं. कारण सुटका म्हणजे घरी नव्हे. असा सुटलेला माणूस सुरक्षित ताब्यात ठेवतात. शालिक पुन्हा ग्वाल्हेरला.

दोन वर्षांनी तिथून कागद आला, की माणूस ठीक आहे, गोळ्या घेत राहिला तर धोका नाही, कोणीतरी घेऊन जा. कोणीतरी म्हणजे कोण? कायदा म्हणतो, नातेवाईक किंवा मित्र, आणि त्यानं जबाबदारी लिहून द्यायची. वकील पारबतेकडे गेला. तिनं चहा दिला. म्हणाली, "माहा त्याच्यावर राग नाही. तो सुटला ते बरं झालं. पन त्याच अंगणात त्याले ताट वाढू? लेकरं पाहतात, वकीलसाहेब." दुसऱ्या दिवशी कोर्टात अर्ज. अर्जदाराचं नातं या रकान्यात लिहिलेलं, ‘मित्र’. खाली सही पागलवाल्याची.

मला सरकारतर्फे बोलणं भाग होतं. बोललो, आणि मनापासून बोललो. "मॅडम, गोळी एक दिवस चुकली आणि याच्या हातात काही धारदार आलं, तर?"

"तर ते माह्या घरात येईल, सरकार," तो म्हणाला. "तुमच्या नाही."

कोर्टानं मान्य केलं. शालिक बालाघाटला, वकिलाच्या पुढच्या खोलीत.

दहाव्या दिवशी कोर्टात बघतो तर वकिलाला दाढी. पंधराव्या दिवशी ती छातीकडे निघालेली. आठवड्याला वीतभर वाढत होती म्हटलं तरी चालेल. मी चिडवलं, "काय साहेब, संन्यास?" रविवारी भर दुपारी तो माझ्या दारात. बगलेत वर्तमानपत्रात बांधलेलं गाठोडं. ते टेबलावर ठेवलं तर ठण्ण वाजलं. सोडलं. विळी, दोन सुऱ्या, कात्री, अडकित्ता, वस्तरा.

"हे जरा तुमच्याकडं ठेवा."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं नाही बघितलं. खिडकीशी जाऊन फुटाणे काढले, परत खिशात घातले.

"आधी मी घरातच लपवले," म्हणाला. "वस्तरा कुठं लपवला ते आठवेना, म्हणून दाढी. काल गव्हाच्या कोठीत सापडला."

"कोर्टात तुम्ही म्हणाला होतात—"

"काय म्हणालतो ते मले पाठ हाये, सरकार. ते खरंच हाये. एकूण एक शब्द खरा हाये." मग आवाज खाली गेला. "पन तो खोलीतून उठला की माह्यं काळीज उठते. तुम्ही मले त्या दिवशी विचारलं असतं ना, तुम्हाले भेव वाटते का, तर माह्यी केस तिथंच गेली असती."

मी हसायला पाहिजे होतं. आयुष्यभराची संधी! गाठोडं उचललं आणि आमच्या कपाटात, सरकारी फायलींच्या मागे ठेवून दिलं.

पुढचा महिनाभर भाभींनी विळीशिवाय स्वयंपाक केला. शेंगा हातानं मोडायच्या, कांदा बुक्कीनं फोडायचा, बटाटे आख्खे. मी एकदा जेवायला गेलो तर ताटात आख्खं वांगं असं बसलेलं, की त्याला नमस्कार करावा. शालिक समोर मान खाली घालून जेवत होता. गोळ्या स्वतः मोजून घ्यायचा, अंगण झाडायचा, एक शब्द नाही. बोलत नव्हता म्हणजे कळत नव्हतं असं आम्ही तिघंही शहाणीसुरती माणसं धरून चाललो होतो.

आणि एका सकाळी माझी कडी वाजली. मी दार उघडलं तर शालिक. एकटा. पायात वकिलाच्या चपला.

"नमस्कार, साहेब. आमच्या घरची विळी तुमच्याकडं हाये ना?"

माझी बायको आत अंघोळीला गेलेली. मी दारात. ज्यानं कोर्टात मनापासून सांगितलं होतं की हा माणूस पुन्हा मारील, तो मी. खोटं कशाला बोलू, ‘नाही’ हा शब्द ओठावर आला होता. तीस वर्षांत इतका सोपा आक्षेप मला कधी सुचला नव्हता.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. काकूंचा अंगठा सुजला हाये, शेंगा मोडून मोडून. वकीलसाहेब तुमच्याशिवाय कोणाकडं जात नाही." त्यानं हात पुढे केले नाहीत. ते मागे धरून उभा होता. "तुम्हीच घेऊन चला, साहेब. मी पुढं चालतो."

म्हणून मी विळी घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, आणि तो पुढे, मी दहा पावलं मागे, असे आम्ही निघालो. रस्त्यात ओळखीचे भेटले. मी कोणाला नमस्कार केला आणि कोणाला नाही ते सांगता येणार नाही. वकील फाटकातच होता. आधी शालिक दिसला, मग मी, मग माझ्या बगलेतला कागद. मी त्याला असा पांढरा पडलेला निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता. पण त्यानं फाटक उघडलं.

स्वयंपाकघरात भाभींसमोर एक लाल कोहळं, म्हणजे तुमचा भोपळा. विळी मी जमिनीवर ठेवली आणि भिंतीला टेकलो. शालिक पाट ओढून बसला, पाय विळीवर दाबला, कोहळं दोन्ही हातांत घेतलं आणि तसाच राहिला.

"वकीलसाहेब," तो मान वर न करता म्हणाला, "जाऊ नका बरं का कुठं. मलेबी भेव लागते याचं."

"नाही जात," वकील म्हणाला.

पातं कोहळ्यात गेलं. सालीला करकर आवाज झाला आणि पहिली फोड परातीत पडली. मग दुसरी. फोडी लहानमोठ्या, वाकड्यातिकड्या. अर्धं कोहळं संपलं, पाव राहिलं, सगळं संपलं. शालिकनं हात थांबवले आणि आता काय, अशा नजरेनं वर बघितलं. भाभी उठल्या, फळीवरून दुसरं कोहळं काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.